फेन्ना आत आहे

सोमवार, ४ एप्रिल

पोचलो एकदाचे. पुलावर वारा इतका होता की मारितची टोपी उडून कालव्यात पडली आणि एका बदकानं ती चोचीनं ढकलत काठाला आणली. मारित सात वर्षांची आहे. त्या बदकाला तिनं लगेच नाव दिलं आणि गाव पसंत केलं.

घर कंपनीचं आहे. विटांची चार जोडघरं, त्यातलं तिसरं आमचं. मागे कालवा, पुढे रस्ता, पूल ओलांडला की कंपनीचं फाटक. कंपनी बटाट्याचं बेणं तयार करते आणि अर्ध्या जगाला पाठवते. बेरेंद इथला मुख्य. त्यानं कॉफी दिली, डबा उघडून एक बिस्किट दिलं आणि डबा लगेच बंद केला, म्हणजे माणूस शहाण्या घरचा आहे. इथे साहेबबिहेब कुणी नाही, मलाही बेरेंद म्हण आणि तू म्हण, सगळेच एकमेकांना तू म्हणतात, असं त्यानं बजावलं.

मग गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं. फाटक, कचेरी, बेण्याची शीतगृहं, आमच्या घराचं दार, सगळं त्या एका कार्डावर. शाळा सुटल्यावर मुलं कंपनीच्या पाळणाघरात थांबतात, तिथेही तेच. पाच वाजता कार्ड दाराजवळच्या डबीला टेकवायचं, पडद्यावर मारितचं नाव हिरवं होतं आणि आउक्या तिला आपल्या हवाली करते. आउक्या म्हणजे पाळणाघराची बाई. मारितला हा प्रकार फारच आवडला, आई मला दुकानातून विकत घेते म्हणाली.

हीच कार्डं बदलायचं काम मला दिलंय. यांचं कुलूप मोडतं हे विद्यापीठातल्या पोरांनी तीन वर्षांपूर्वीच जगाला दाखवलं होतं. कंपनीला आता जाग आली. वरातीमागून घोडं, पण मला पगार त्या घोड्यामुळेच मिळणार आहे.

माझा नवरा डाउवे जाऊन चौदा महिने झाले. मला रडू आलेलं नाही, एकदाही नाही. ते इथे एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

शुक्रवार, ८ एप्रिल

कार्डात एक गुप्त किल्ली असते, बारा अक्षरांची. दार आणि कार्ड बोलायला लागण्याआधी एकमेकांना एक-एक आकडा विचारतात आणि त्या किल्लीनं उत्तर देतात. आकडा दर वेळी फाशासारखा बेभरवशाचा पडायला हवा. या कार्डाचा फासा मात्र घड्याळावर चालतो. वीज मिळाल्यापासून ठरावीक क्षणी विचारलं की ठरावीकच आकडा येतो. मग किल्ली काढणं हे चिकाटीचं काम उरतं. मी काडेपेटीएवढी माझी डबी जेवणाच्या सुट्टीत लावून ठेवली आणि चीजचे दोन ब्रेड आणि ताक संपेपर्यंत किल्ली हातात आली.

मला वाटलं ही फक्त माझ्या कार्डाची असेल. ती सगळ्यांची निघाली. दारांची देखभाल हार्म करतो, तीस वर्षं इथेच आहे. तो अभिमानानं सांगत होता की कार्डं आली तेव्हा मोठी बैठक झाली. साहेबाची किल्ली भारी आणि झाडूवाल्याची हलकी, असं आपल्यात नको, असं ठरलं. म्हणून सगळ्यांना एकच किल्ली. फरक फक्त कार्डावरच्या क्रमांकाचा, आणि क्रमांक काय, किल्ली असली की कुणीही वाचावा. बेण्याचंही असंच असतं म्हणाला, एका वाणाचे दहा लाख बटाटे म्हणजे एकाच झाडाचे तुकडे, त्यात थोरला-धाकटा काही नाही.

मी डबी घेऊन त्याच्या जवळून गेले. चार बोटांचं अंतर पुरतं. त्याच्या खिशातल्या कार्डाचा क्रमांक डबीत उतरला तो दाखवला. हार्म पोट धरून हसला. म्हणाला, चाळीस वर्षं संसार केला पण बायकोला माझं पाकीट असं उघडता आलं नाही, तिला ही डबी दाखवू नकोस.

गुरुवार, १४ एप्रिल

बैठक. एकोणीस माणसं, मोठं गोल टेबल, प्रत्येकाला बोलायचा हक्क आणि प्रत्येकानं तो बजावला.

मी कोऱ्या पांढऱ्या कार्डावर माझ्याच कार्डाची नक्कल करून नेली होती. तिनं बैठकीच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. पडद्यावर आलं, फेन्ना आत आहे. लोक दचकतील आणि उद्याच नवी कार्डं मागवतील असं मला वाटलं होतं. पण इथली रीत अशी की वस्तू टेबलावर आली की ती प्रत्येकाच्या हातात गेली पाहिजे, नाहीतर एखाद्याला वगळल्यासारखं होतं. पांढरं कार्ड हातोहात फिरलं. कुणी वाकवून पाहिलं, कुणी उजेडात धरलं, कँटीनवाल्यानं हुंगलंसुद्धा. दोन तासांनी ठरलं की बदल हवाच. पण आधी कामगार समितीचं मत घ्यायचं, मग तीन कंपन्यांचे भाव मागवायचे, म्हणजे कार्डं जुलैत येतील. सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले.

पांढरं कार्ड मात्र माझ्याकडे परत आलं नाही. विचारलं तर प्रत्येकानं आपल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटचा बेरेंद, माझ्या डाव्या हाताला बसलेला. तो म्हणाला, मी तर तुझ्या हातात दिलं की. मी सगळे खिसे पालथे घातले, टेबलाखाली वाकून पाहिलं. नाही सापडलं.

माझा क्रमांक त्याच क्षणी बंद करायला हवा होता. पण तो बंद करायचा म्हणजे घराचं दार, पाळणाघर, सगळं नव्यानं जोडायचं, आणि साडेचार वाजले होते. उद्या करू म्हटलं. कार्ड कसं चोरता येतं ते एकोणीस जणांना शिकवायचं आणि वर आपलंच त्यांच्या हातात द्यायचं, यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मंगळवार, १९ एप्रिल

सकाळी आठला फाटकानं मला घेतलं नाही. लाल दिवा, आणि पडद्यावर, फेन्ना आत आहे. जो आत गेलाय तो बाहेर आल्याशिवाय पुन्हा आत जाऊ शकत नाही, हा फाटकाचा नियम. एका कार्डावर दोघे घुसू नयेत म्हणून.

हार्मनं बाजूच्या दारानं घेतलं. नोंदी पाहिल्या. फेन्ना ७.४१ला आत आली. ७.४१ला मी स्वयंपाकघरात मारितच्या ब्रेडवर चॉकलेटचे दाणे पसरत होते. कुणीतरी गंमत करतंय, असं हार्मचं मत. माझंही तेच.

मी जुना क्रमांक बंद केला, नवा घेतला. घर आणि मारित नव्या क्रमांकाला जोडली. अर्धा तास लागला फक्त. त्या दिवशीच केलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवार, २१ एप्रिल

नव्या क्रमांकावरही ७.४१. फेन्ना आत आहे.

म्हणजे नव्या कार्डाचीही नक्कल झाली. त्यासाठी चार बोटांइतकं जवळ यावं लागतं. मंगळवारपासून कार्ड माझ्या गळ्यातून निघालेलं नाही, झोपतानाही नाही. हस्तांदोलन मी हात लांब करून करते. मिठी मी कुणाला मारत नाही. दोन दिवसांत माझ्या छातीच्या चार बोटं जवळ कोण कोण आलं, त्याची यादी करायला घेतली.

मारित.

यादी तेवढीच झाली. मी ती घडी करून खिशात ठेवली आणि भांडी घासली. माझी डबी खणात जागच्या जागी होती.

मंगळवार, २६ एप्रिल

आज माझा वाढदिवस. इथे ज्याचा वाढदिवस त्यानं सगळ्यांना खाऊ घालायचं असतं. मी काही नेलं नव्हतं. कुणाला माहीत नसेल तर निभावून जाईल असं वाटलं होतं.

कँटीनमध्ये टेबलावर सफरचंदाचा मोठा केक होता आणि अर्धा संपलेला होता. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. केक झकास झालाय, दालचिनी घालायची अक्कल इथे कुणाला नाही, असं कँटीनवाला म्हणाला. बेरेंदनं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, सकाळी तू पहिल्यांदा मोकळी हसताना दिसलीस, आणि डाउवेबद्दल बोललीस ते फार बरं केलंस, आम्हाला कळत नव्हतं विचारावं की नाही.

या गावात मी डाउवेचं नाव कुणालाही सांगितलेलं नाही.

मी केकचा एक तुकडा खाल्ला. चांगला होता. माझ्या आईच्या पद्धतीचा होता. ती पद्धत मी कधी शिकले नाही.

शुक्रवार, २९ एप्रिल

सकाळी दहाला आगीची कवायत झाली. भोंगा वाजला, सगळे गवतावर जमलो, ऊन छान होतं. हार्म पिवळं जाकीट घालून हातात यादी घेऊन उभा. कोण आत राहिलं ते कार्डांवरून कळतं. त्यानं वाचलं, सगळे बाहेर, फक्त फेन्ना आत आहे.

मी त्याच्यापासून दहा पावलांवर उभी होते. हात वर केला, हार्म, मी इथे आहे म्हटलं. तो हसला, दिसतेस ग बाई, पण यादी म्हणते तर आत जाऊन बघावंच लागतं, नियम तो नियम. आत गेला.

सहा मिनिटांनी बाहेर आला. हसत नव्हता. यादीवर खूण केली आणि सगळ्यांना सांगितलं की सगळं ठीक आहे, फेन्नाला पूर्वेच्या दारानं बाहेर काढलं, कानात बोळे घालून काम करत बसली होती. लोक हसले. माझ्या बाजूला उभी असलेली माणसंही हसली. हार्मनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी पूर्वेच्या दाराकडे जाऊन आले. गवत दबलेलं होतं, एवढंच.

मंगळवार, १० मे

पाच वाजता पाळणाघरात गेले. कार्ड टेकवायच्या आधीच मारितचं नाव हिरवं होतं. आउक्या खेळणी आवरत होती. म्हणाली, अगं आत्ताच तर घेऊन गेलीस, काही विसरलीस का. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. शेवटी तिचा विश्वास पडद्यावर बसला, ते मला दिसलं.

पूल धावत ओलांडला. मारित घरी होती. टेबलाशी एकटीच बसून पॅनकेक खात होती. तवा गरम होता.

कुणी आणलं म्हणून विचारलं. मोठी माणसं मुद्दाम वेड पांघरतात तेव्हा मुलं बघतात तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. तूच की, म्हणाली. पूर्ण पुलावर गाणं म्हटलंस. बाबांचं होडीचं गाणं. मग म्हणाली, कपडे का बदललेस, तो निळा स्वेटर छान होता.

निळा स्वेटर डाउवेनं दिलेला. खोक्यात आहे. खोकं मी अजून उघडलेलं नाही. वर जाऊन पाहिलं, चिकटपट्टी कापलेली होती.

मी तिला जवळ घेऊन विचारलं की माझ्या गळ्यातल्या कार्डाला कधी काही लावलंस का. हो म्हणाली. तूच सांगितलंस ना आई, मी झोपले की ही छोटी डबी कार्डाला टेकवून धर, दिवा लुकलुकला की झालं, आपलं गुपित. आणि मग मी ती तुझ्या खणात ठेवून दिली.

मला भीती वाटली. पंधरा महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते हे होतं.

बुधवार, ११ मे

बुधवारी शाळा बाराला सुटते. आज मारितला कुठेच सोडलं नाही, हाताला धरून सगळीकडे नेलं.

आउक्याला सांगितलं की यापुढे कार्डावर मुलगी द्यायची नाही, माझा चेहरा बघून द्यायची. ती हळू आवाजात म्हणाली, फेन्ना, चेहरा मी बघितला होता.

पोलीस सायकलवरून आला. चांगला माणूस. मुलीला काही इजा झाली का, नाही. मुलगी घरी पोचली का, हो. कुणाबरोबर, तर मुलीनंच सांगितलं, आईबरोबर. मग तक्रार नक्की काय आहे बाई, असं त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट बघत पेन धरून बसला. कॅमेरा लावू म्हटलं तर बेरेंद म्हणाला, बेण्यावर आहे, माणसांवर लावायचा नाही असा समितीचा ठराव आहे, हवं तर गुरुवारच्या बैठकीत मांड. आणि थोडी विश्रांती घे. इतके दिवस किती छान चाललं होतं तुझं.

संध्याकाळी झोपताना मारितनं विचारलं, उद्या कोणती येणार, हसणारी की ही.

मी म्हटलं एकच आहे. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

ठरवलंय. उद्या सकाळी माझं नावच यंत्रातून पुसून टाकते. क्रमांक नाही, फेन्नाच नाही. मग नक्कल कशाची करणार. मारितला शाळेत सोडून हे करायचं, शाळेतूनच उचलायची आणि थेट झ्वोल्याला बहिणीकडे. कार्डं, बेणं, सगळं गेलं खड्ड्यात.

गुरुवार, १२ मे

९.२०. पुसलं. कचेरीत बसून, माझ्या हातानं. पडद्यावर फेन्ना नावाचं कुणी नाही. बरं वाटलं. कार्ड कात्रीनं कापलं. पुलापलीकडे बँकेत जाऊन आले.

१०.०५. फाटक उघडत नाही. उघडणार नाहीच, कार्डच नाही. बॅग आत राहिलीय. गाडीची किल्ली बॅगेत. हार्मला हाक मारली.

हार्म आला, जाळीच्या आतूनच बोलला. कुणाला भेटायचंय, असं विचारलं. मी म्हटलं हार्म, हा काय चावटपणा. तो अगदी सौजन्यानं म्हणाला, कार्डाचं काम फेन्ना बघते, ती आत आहे, तुम्ही थांबा, मी तिला विचारून येतो.

तुम्ही म्हणाला.

जाळीतून मला फाटकाचा पडदा दिसतो. फेन्नाचं नाव पुन्हा चढवलंय. ९.३१ला. चढवणारी, फेन्ना. क्रमांक नवा, एकच. आता दोन फेन्ना नाहीत. एक मीच पुसून दिली.

१२.३०. शाळेत गेले. गुरुवारी शाळा तीनला सुटते, तरी गेले. बाईंनी दार अर्धंच उघडलं. मारितची आई तासाभरापूर्वी येऊन घेऊन गेली. दातांच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणे. माझं ओळखपत्र मागितलं. ओळखपत्र बॅगेत. आवाज चढवू नका म्हणाल्या. मी चढवला नव्हता. चढत नाहीये.

बहिणीला फोन केला, शाळेसमोरच्या दुकानातून. ती म्हणाली, अगं आत्ताच तर बोललो, येणं रद्द झालं ना तुझं. आवाज बसलाय का. मी ठेवून दिला.

५.४५. घराचं दार लाल. मागच्या बाजूला कुंपणात बसलेय. लख्ख ऊन आहे. कालव्यावरून शेजारीण गेली, मान हलवून, ओळख नसल्यासारखी.

खिडकीतून सगळं दिसतं. इथे पडदे कुणी ओढत नाही, लपवण्यासारखं काही नसतं म्हणतात. टेबलावर दोन ताटल्या. निळा स्वेटर, पाठमोरा. डाउवेचा फोटो टेबलावर मांडलाय, मी पालथा ठेवला होता तो. ती मारितला काहीतरी सांगतेय. मारित हसते, पाय हलवते. मग रडायला लागते. दोघी रडताहेत. तिनं मारितला पोटाशी धरलंय. किती वेळ धरून ठेवलंय.

असं धरायला हवं होतं. पंधरा महिने. मी भांडी घासत होते.

काचेवर हात मारला. एकदा. मारितनं वर पाहिलं.

पाहिलं. माझ्याकडे. सरळ.

ती बाई वळत नाही. वळायची गरज नाही तिला. मारित तिच्या कानात काहीतरी विचारते, ती डोक्यावरून हात फिरवते, मान हलवते, नाही म्हणते की हो म्हणते, इथून कळत—

मारित खुर्ची ओढत आणतेय. खिडकीकडे. चढतेय. खिडकी उघडणार, मारित, कडी वर आहे, डाव्या—

पडदा. पडदा ओढतेय ती. दोन्ही हातांनी. माझ्याकडे बघत. तिनं मला ओळखलंय, चुकून नाही, घाबरून नाही, मी तिची आई आहे, मला कळतं, तिनं ओळखलं आणि तरीही—